गच्चीवर कोळसा पेटवताय? आधी मातीचं घमेलं वर न्या

थंडी पडली की आमच्याकडं हुरड्याची आगटी पेटतेच, आता तर गच्चीवर पनीर-चिकनचं बार्बेक्यू पण सुरू झालंय. खा की बिनधास्त, पण शेतातली आगटी आन् गच्चीवरची शेगडी एक नाही. तिकडं खड्ड्यात विस्तव आन् बाजूला नुसती ढेकळं, इकडं वाळत घातलेल्या गोधड्या, प्लास्टिकची टाकी, ग्रीन नेट, केबलच्या वायरी सगळं हाताशी.

म्हणून आधी जागा बघा. भिंत, टाकी, नेट यापासून निदान दहा फूट लांब, वर पत्रा-मांडव नको. बाल्कनीत नाही म्हणजे नाही. थंडी वाजायली म्हणून पेटती शेगडी खोलीत ओढणारे पण मी बघितलेत, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासच नसतो, झोपेत माणूस जातो. शेतात असाल तर वारं कडब्याच्या गंजीकडं किंवा उसाच्या पाचटाकडं वाहत असताना पेटवूच नका, ठिणगी लांबवर उडते.

पेटवायला कापूर आन् वाळलेली चिपाडं बास होतात. रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही, विझला वाटून वरून ओतायला गेलं की भडका थेट हातातल्या बाटलीपर्यंत येतो. ओढणी, नायलॉनची साडी आवरून बसा. तव्यातल्या तेलानं पेट घेतला तर पाणी मारू नका, गॅस असेल तर बंद करा आन् झाकण टाका.

आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, त्यामुळं बादली भरलेली असेलच असं धरू नका, मातीचं एक घमेलं आधीच वर नेऊन ठेवा.

खरी चूक पार्टी संपल्यावर होते, माझी पण झाली. मागच्या हिवाळ्यात रात्री अकराला राखेवरून हात फिरवला, कोमट पण लागंना, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत भरून कोपऱ्यात ठेवली. सकाळी बघतो तर बादलीचं बूड वितळून फरशीला चिकटलेलं, आन् शेजारची चटई वीतभर लांब. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिता राहतो. लोखंडी घमेल्यात काढा, पाणी टाकून ढवळा, परत टाका, घंटागाडीत दुसऱ्या दिवशीच.

पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास त्याच विस्तवात ढकलू नका, उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड, असा हरित लवादाचा 2016 चा आदेश आहे. आन् आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. अपार्टमेंटची गच्ची सगळ्यांची असते, आधी विचारा, जिन्यात कोळशाची पोती ठेवू नका.

भाजलं तर वीस मिनिटं साध्या पाण्याची धार, टूथपेस्ट-हळद काही लावू नका, बर्फ पण नको. आग आवरंना झाली तर 101 किंवा 112 लावा, पत्त्यासोबत जवळची खूण सांगा. आन् पाहुण्यांच्या गाड्या गल्लीत आडव्या लागल्या असतील तर शेगडी पेटवायच्या आधीच बाजूला लावायला सांगा, फायरचा बंब शिरला पाहिजे.