एचएमएस व्हिक्टरी, 1/100: तयारी शेवटच्या दोरापासून

शिडाच्या युद्धनौकेचं किट उघडलं की पहिल्यांदा हात जातो तो कवचाच्या, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या खोळीच्या (हल), दोन अर्ध्या भागांकडे. ते जोडून बघण्याचा मोह होतोच. बघा, पण चिकटवू नका. या मॉडेलचं शेवटचं काम म्हणजे दोर ओढून खुंट्यांना बांधणं, आणि त्या खुंट्या ताण सहन करतील की नाही हे कवच बंद होण्यापूर्वीच ठरलेलं असतं. म्हणून ही यादी उलट्या टोकाने धरायची: आधी दोर, मग काठ्या, मग डेक, आणि सगळ्यात शेवटी कवच.

त्याही आधी एक वर्ष ठरवायचं. व्हिक्टरी ही ट्राफलगरच्या समुद्री लढाईतली ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनची नौका. तिचा कणा 1759 मध्ये बसवला गेला आणि 1765 मध्ये ती चॅटम इथे पाण्यात उतरली. बुडाला तांब्याचे पत्रे लागले ते 1780 मध्ये. 1800 ते 1803 च्या मोठ्या दुरुस्तीत मागचे उघडे सज्जे बंद झाले आणि नाळेवरचं, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचं, मूळचं भरगच्च शिल्प जाऊन त्या जागी राजचिन्ह आणि दोन बालदेवदूत असलेलं साधं शिल्प आलं. त्यामुळे 21 ऑक्टोबर 1805 च्या ट्राफलगरची नौका करायची असेल, तर 1765 चं चित्र समोर ठेवून चालत नाही.

पोर्ट्समथच्या गोदीतली आजची नौका संदर्भाला उत्तम, पण डोळे उघडे ठेवून बघा. तिच्या फोटोंत दिसणाऱ्या खालच्या डोलकाठ्या लाकडी नाहीत. त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एचएमएस शाह या नौकेवरून आणलेल्या पोकळ लोखंडी काठ्या आहेत. 2011 मध्ये वरच्या डोलकाठ्या उतरवल्या आणि 2021 मध्ये मधली मुख्य डोलकाठीही काढली, म्हणजे त्यानंतरचे फोटो दोरकामासाठी निरुपयोगी. रंगाचंही तसंच. 2015 मध्ये जुन्या थरांच्या तपासणीवरून नौका पुन्हा रंगवली, तेव्हा आधीचा गडद नारिंगी-पिवळा जाऊन फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारा पिवळा आला. जुन्या किटच्या खोक्यावरचं चित्र आणि आजचा फोटो जुळत नाहीत ते यामुळे. दोन्हींतला एक निवडा, मिसळ करू नका.

आता दोर. किटमध्ये येतात त्या दोन-तीन जाडीच्या दोऱ्यांवर संपूर्ण नौका बांधली, तर ती जाळ्यात सापडल्यासारखी दिसते. खऱ्या दोराचं माप व्यासात नाही, घेरात आणि इंचांत दिलेलं असतं, आणि नवखा माणूस हमखास इथेच चुकतो. घेराला 3.14 ने भागायचं, 25.4 ने गुणून मिलिमीटर करायचे आणि मग 100 ने भागायचं. 18 इंच घेराचा दोर 1/100 वर 1.46 मि.मी. होतो, 11 इंचांचा 0.89, 3 इंचांचा 0.24 आणि दीड इंचाचा 0.12. म्हणजे किमान सहा जाड्या हव्यात: साधारण 1.4, 0.9, 0.6, 0.4, 0.25 आणि 0.12. स्थिर दोर, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी धरणारे श्राउड आणि पुढून-मागून धरणारे स्टे, डांबर लावलेले असत, म्हणून ते गडद तपकिरी-काळे. परबाणं, म्हणजे शिडं टांगायच्या आडव्या काठ्या, आणि शिडं हलवणारे चालते दोर फिकट भुरे. निव्वळ काळा दोरा या मापावर प्लॅस्टिकच्या तारेसारखा दिसतो, तेव्हा काळ्यात तपकिरी असलेला घ्या.

दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोऱ्याला बारीक लव असते, तिच्यावर धूळ बसते, आणि हवेतल्या ओलाव्याने तो ताणतो-सैलावतो. नायलॉन गाठ नीट धरत नाही आणि ताणाखाली लांबतो. मेण चोळायचं असेल तर अगदी थोडं, कारण जास्त झालं की रंगही बसत नाही आणि गोंदही. गाठींना पातळ केलेला पांढरा गोंद लावा. सुपरग्लूने दोरा काचेसारखा कडक होतो, वाकवला की तुटतो आणि वर पांढुरकी झाक सोडतो.

रॅटलाइन, म्हणजे श्राउडवर चढायच्या दोराच्या पायऱ्या, खऱ्या नौकेवर सुमारे 13 इंचांवर असत. म्हणजे मॉडेलवर 3.3 मि.मी. समजा एका बाजूला दहा श्राउड आहेत आणि उंची 15 सें.मी. आहे: 45 ओळी, 450 गाठी, आणि ही एका डोलकाठीची एकच बाजू. हा हिशेब आधी केला म्हणजे हे काम एका सुट्टीत उरकायचं नाही हे कळतं. गाठी आवळताना श्राउड आत ओढले जातात आणि शिडी मधोमध डमरूसारखी बारीक होते. त्यावर उपाय म्हणजे मागे 3.3 मि.मी. अंतराच्या आडव्या रेघा आखलेला कार्ड लावणं, कडेचे दोन श्राउड सरळ राहतील इतपतच गाठ आवळणं, आणि दर पाच ओळींनी पट्टीने रुंदी मोजणं. चुकलेली ओळ तेव्हाच कापली तर पाच मिनिटांचं काम, वीस ओळींनंतर लक्षात आली तर अख्खी बाजू.

कप्प्या मोजून घ्या. आठ इंची कप्पी 2 मि.मी.ची, बारा इंची 3 मि.मी.ची. प्लॅस्टिकच्या कप्प्यांना दोर बसायची खाच बहुधा नुसती नावाला असते आणि भोक बुजलेलं असतं. लाकडी कप्प्या चांगल्या, पण त्यांच्या भोकातून 0.4 मि.मी. दोरा जातो का हे शंभर विकत घेण्याआधी एकीवर बघा. डेडआयची, म्हणजे श्राउडच्या टोकाच्या तीन भोकांच्या गोल चकत्यांची, भोकं 0.5 मि.मी. ड्रिलने मोकळी करा. वरच्या सगळ्या चकत्या एका रेषेत याव्यात म्हणून पितळी तारेचा एक आकडा वाकवून ठेवा, दोन्ही टोकं वर-खालच्या चकत्यांच्या भोकांत बसतील असा. प्रत्येक श्राउड बांधताना तोच आकडा. नजरेच्या अंदाजावर सोडलं की चकत्या पायऱ्यांसारख्या वर-खाली होतात, आणि नौकेच्या बाजूवर ते सगळ्यात आधी दिसतं.

दोरांनंतर काठ्या. प्लॅस्टिकच्या डोलकाठ्या दोन उभ्या फाळ्यांच्या असतात, आतून पोकळ. मागचे बॅकस्टे ओढले की वरची टोकं मागे वाकतात, पुढचे स्टे ओढले की पुढे, आणि शेवटी काठी धनुष्यासारखी होते. खालच्या डोलकाठीच्या पोकळीत बसेल एवढी स्टीलची किंवा पितळेची सळी घालून, इपॉक्सी भरून मगच फाळे जोडायचे. सळी काठीखाली 15-20 मि.मी. उरू द्या, म्हणजे ती कवचाच्या तळाशी बसवलेल्या ठोकळ्यात रोवता येते. वरच्या बारीक काठ्या आणि परबाणांची टोकं प्लॅस्टिकची ठेवूच नयेत. पितळी सळी ड्रिलमध्ये फिरवत पॉलिश पेपरने निमुळती करता येते, किंवा लाकडाच्या काड्या तासता येतात. हा खर्च टाळण्यासारखा नाही, बाकी बरेच आहेत. ट्राफलगरच्या वेळी नेल्सनच्या ताफ्यात डोलकाठ्यांवरची लोखंडी कडी पिवळी रंगवली होती, काळ्या कड्यांच्या फ्रेंच नौकांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. तेव्हा कडी काळी करू नका.

परबाणांवरच्या कप्प्या, पायदोर आणि शिडांच्या पट्ट्या काठी टेबलावर असतानाच बांधायच्या. शिडं लावायची की नाही हेही आत्ताच ठरवा, कारण उघड्या शिडांसाठी परबाणं वर चढवलेली असतात, आणि शिडं नसतील तर वरची परबाणं खाली उतरलेली. साच्यातली प्लॅस्टिकची शिडं या मापाला फारच जाड. न लावलेली बरी.

आता डेक, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ज्या खुंट्यांना दोर बांधतात त्या किटमध्ये पट्टीसकट ओतलेल्या असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दोराला मुळापासून तुटतात. 16 इंची खुंटी 1/100 वर 4 मि.मी.ची. बाजारातल्या तयार पितळी खुंट्या बहुधा याच्या दीडपट-दुप्पट असतात आणि मुगदरासारख्या दिसतात. 0.5 मि.मी. पितळी तारेचे तुकडे करून डोक्यावर पांढऱ्या गोंदाचा थेंब दिला की काम होतं. खरी भीती खुंटीची नाही, पट्टीची. एकेका पट्टीवर दहा-पंधरा दोर वरच्या दिशेने ओढत असतात आणि ती नुसत्या गोंदावर राहिली तर महिन्याभरात उचलली जाते. पट्टीच्या मागे दोन-तीन ठिकाणी 0.5 मि.मी. तार घालून ती आतल्या भिंतीत आरपार रोवा. डेकवरच्या कड्यांचंही तसंच. ओतलेली कडी तासून टाका, तारेची कडी पिळा, तिची दोन्ही टोकं भोकातून डेकखाली न्या, बाजूंना वाकवा आणि इपॉक्सी लावा. डेक बसल्यावर हे करता येत नाही. दोरकामाचा नकाशा भिंतीवर लावून प्रत्येक दोराला आकडा द्यायचा आणि त्याच आकड्याने डेकवर भोक आहे का हे एकेक करून खुणावत जायचं, ते याचसाठी.

डेक दोन-तीन तुकड्यांत असेल तर सांधा फळ्यांना आडवा येतो आणि रंगाखालीही दिसतो. खालून पट्टी लावून सगळे तुकडे आधी एकसंध करा, सांधा भरून घासा, आणि घासताना बुजलेल्या फळ्यांच्या रेघा सुईने पुन्हा ओढा. रंग देताना एक फिकट भुरा थर, मग सुट्या फळ्यांवर पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली, वर मॅट वॉर्निश, आणि शेवटी पातळ तपकिरी तैलरंग. सगळ्या फळ्या वेगवेगळ्या केल्या की डेक बुद्धिबळाचा पट होतो. पाचात एक पुरे.

तोफा मोजा: खालच्या डेकवर 32 पौंडी (म्हणजे 32 पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) 30, मधल्यावर 24 पौंडी 28, वरच्यावर 12 पौंडी 30, क्वार्टरडेकवर (मागचा उंच डेक) 12 पौंडी 12, फोरकॅसलवर (पुढचा उंच डेक) 12 पौंडी 2 आणि 68 पौंडी कॅरोनेड (आखूड तोफा) 2. एकूण 104. प्रत्येक नळीचा सांधा घासून तोंड पोखरायचं: 32 पौंडीला 1.6 मि.मी., 24 पौंडीला 1.5, 12 पौंडीला 1.2. ड्रिल हातात फिरवायच्या चिमट्यात धरा. यंत्राने प्लॅस्टिक वितळतं आणि भोक एका बाजूला सरकतं. आधी सुईने मध्य टोचून घेतला तर बरं. वरच्या डेकवरच्या तोफा क्वार्टरडेक आणि फोरकॅसल बसण्यापूर्वी रंगवून, दोर बांधून जागेवर हव्यात. तोफांच्या खिडक्यांची झाकणं मात्र शेवटी लावायला ठेवावीत, नाहीतर कवच हाताळताना ती एकेक करून गळतात. त्यांच्या दोऱ्यांची 0.3 मि.मी. भोकं आत्ताच पाडून ठेवा.

उरलं कवच. सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, कारण साच्याच्या तेलावर रंग टिकत नाही. अर्धे भाग सपाट टेबलावर ठेवले की वाक दिसतो. जाड प्लॅस्टिक पत्र्याचे चार-पाच आडवे पडदे कापून आत लावले तर तो सरळ होतो आणि डेकलाही आधार मिळतो. जोडणीचा सॉल्व्हंट रंगावर धरत नाही, म्हणून जोडायच्या कडांचा रंग खरवडायचा. स्टँडचे नट आणि डोलकाठ्यांचे ठोकळे आतून बसवा, काठ्या तात्पुरत्या उभ्या करून पुढून आणि बाजूने त्यांचा कल तपासा, मगच कवच बंद. मागच्या खिडक्यांच्या काचांना पांढरा गोंद, सुपरग्लूच्या वाफेने त्या दुधाळ होतात.

बाहेरून आधी पिवळा, मग झाकणपट्टी (मास्किंग टेप) लावून काळा, आणि तोफांच्या खिडक्यांच्या झाकणांची बाहेरची बाजूही काळी, म्हणजे चौकटीचा तो प्रसिद्ध नमुना येतो. पिवळे पट्टे तोफांच्या खिडक्यांच्या रांगेबरोबर चालतात, कवचावरच्या जाड फळ्यांच्या उंचवट्याबरोबर नाही. त्यामुळे पट्टी काही ठिकाणी उंचवट्यावरून तिरकी जाते आणि तिच्याखाली रंग झिरपतो. कडेवर आधी पिवळ्याचाच एक पातळ हात मारून फट बुजवा, मग काळा. काळ्यात थोडा करडा मिसळलेला असू द्या. तांब्याचे पत्रे 4 फूट बाय 14 इंची, म्हणजे मॉडेलवर 12 बाय 3.6 मि.मी. त्यांचे खिळे या मापाला दिसायलाच नकोत. ओतलेले टिपके फार उठून दिसत असतील तर घासून खाली आणा.

काचेच्या पेटीचं मापही आत्ताच घ्या. मुख्य डोलकाठी पाण्याच्या रेषेवर साडेबासष्ट मीटर जाते, म्हणजे मॉडेलवर 62 सें.मी. त्यात बुडाचे 9 आणि स्टँडची उंची मिळवा, आणि सगळ्या बाजूंनी 5 सें.मी. मोकळे सोडा. पुढच्या तिरक्या काठीचं टोक मोजायचं विसरू नका, हाताळताना बहुतेक तेच मोडतं.

ध्वज सगळ्यात शेवटी लागतात, पण त्यांची नाडी आधी ओवून ठेवावी लागते: 0.1 मि.मी. दोरा, डोलकाठीच्या टोकावरच्या टोपीतून, आणि त्या टोपीचं भोक काठी उभी राहण्याआधीच. नेल्सन व्हाइस-ॲडमिरल ऑफ द व्हाइट, म्हणजे पांढऱ्या तुकडीचा उप-ॲडमिरल, होता, त्यामुळे त्याचा सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसचा पांढरा ध्वज पुढच्या डोलकाठीवर, आणि मागे पांढरा एनसाइन, म्हणजे नौदलाचा ध्वज. त्याच्या कोपऱ्यातला युनियन ध्वज 1801 नंतरचा, सेंट पॅट्रिकच्या लाल तिरक्या क्रॉससह. किटच्या पानावर जुना छापलेला असेल तर पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी रंगवून घ्या आणि ओला असतानाच पेन्सिलीभोवती तिरक्या घड्या पाडा.