इंदूर ते पुणे विमानाने खरंच किती वेळ? हिशोब स्वतः असा काढा

आमच्या इंदुरात बहुतेक मराठी घरातलं कोणी ना कोणी पुण्यात आहेच, त्यामुळे विमानाला किती वेळ लागतो हे सगळ्यांनाच हवं असतं आणि जो तो वेगळं सांगतो, कोणी म्हणतं तासाभरात पोचलो, कोणी म्हणतं अर्धा दिवस गेला. दोघंही खरंच बोलतात, एकाने फक्त हवेतला वेळ धरलाय आणि दुसऱ्याने घर ते घर.

आधी अंतर. रोडने सेंधवा-धुळे करत साधारण 600 किमी पडतं, आणि ट्रेन तर रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असा मोठा वळसा घालते म्हणून ते अंतर इथे कामाचंच नाही. विमानासाठी सरळ रेषेतलं अंतर बघायचं. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, इंदूर एअरपोर्टवर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा ऑप्शन येतो, मग पुण्याच्या लोहगाव एअरपोर्टवर क्लिक करा, झालं. हाताने करायचं असेल तर इंदूर 22.7 उत्तर, 75.8 पूर्व आणि पुणे 18.6, 73.9. अक्षांशाचा फरक 4.1, त्याला 111 ने गुणलं की 455 किमी, रेखांशाचा 1.9, आपल्या भागात त्याला 104 ने गुणायचं, 198 किमी. मग शाळेतला पायथागोरस, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर 496. म्हणजे 500 धरा. गंमत म्हणजे मुंबईपण इथून 500च्याच आसपास आहे.

आता वेळ. एअरबस 320 सारखं जेट वर गेल्यावर ताशी 800च्या पुढे जातं, पण एवढ्या छोट्या रूटवर बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, म्हणून अंतर भागिले 800 आणि वर अर्धा तास. 500 ला सव्वा तासाच्या आत येतं. एटीआर असेल, म्हणजे पंखेवालं, तर 800 ऐवजी 500 ने भागा, सरळ दीड तास. बुकिंग करताना विमान कोणतं ते लिहिलेलं असतं, बघत जा. तिकिटावरचा वेळ जागेवरून हलल्यापासून ते तिकडे पार्किंगला लागेपर्यंतचा असतो, म्हणून मुंबईला अंतर तेवढंच असून वेळ जास्त दिसतो, तिथे गर्दीच तेवढी. आणि हो, डायरेक्ट म्हणजे नॉन-स्टॉप नव्हे बरं का, डायरेक्टवालं मधे कुठेतरी उतरूही शकतं.

खरा वेळ खाली जमिनीवर जातो. इंदुरातल्या विजयनगरहून सुपर कॉरिडॉर रोडने एअरपोर्टपर्यंत पाऊण तास धरा, चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो म्हणून दीड तास आधी पोचायचं, सव्वा तास विमान, वीस मिनिटं बॅगेची वाट, आणि संध्याकाळी लोहगावहून कोथरूडला जायचं तर सव्वा तास कुठे गेला नाही. झाले पाच तास! नुसती हँडबॅग असेल आणि मावशीचं घर विमाननगरला असेल तर चारच्या आत.

पुण्याऐवजी परदेशातलं, समजा शारजाचं तिकीट बघताना मात्र वेगळी भानगड, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि तिकिटावर पोचायची वेळ तिथली छापतात, तेव्हा जाताना दोन वेळांच्या फरकात दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा.