सेज ग्रीन भिंत राखाडी दिसत होती, त्यावर सापडलेला उपाय

पुण्यातल्या आमच्या हॉलची खिडकी उत्तरेला. भिंतींना सेज ग्रीन दिला. दुपारी ठीक दिसायचा, पण दिवे लागले की दवाखान्याच्या भिंतीसारखा राखाडी. पेंटर म्हणाला, "दादा, शेड बदलू या." मी नको म्हटलं, कारण दोष शेडचा नव्हता. या हिरव्यात राखाडी मुळातच मिसळलेला असतो, उत्तरेचा उजेड निळसर, त्यात ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). अशा प्रकाशात हिरव्यातली पिवळी छटा दबते.

ट्यूब काढून ३००० केल्विनचे वॉर्म व्हाइट बल्ब लावले; घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९० च्या वर असल्याचं खोक्यावर आवर्जून पाहिलं. त्याच संध्याकाळी भिंत हिरवी दिसली! छताचा झगझगीत पांढराही खटकत होता, तिथे किंचित पिवळसर ऑफ-व्हाइट घेतला. आजीचं सागवानी कपाट आता इतकं खुलतं की पडदे साध्या, न रंगवलेल्या खादीचेच ठेवले.

तुम्ही रंग ठरवत असाल तर मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं) आणि तो पुठ्ठा रात्री, घरातल्याच दिव्यांखाली, प्रत्येक भिंतीला टेकवून बघा.