विरहाचं ड्युएट बसवताय? या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या तालमीच्या खोलीत एक जोडपं आलं. ती इंदिरानगरला सासू-सासऱ्यांजवळ राहते. तो नोकरीपायी ठाण्यात खोली घेऊन राहतो, शनिवारी रात्री घरी येतो आणि सोमवारी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडतो. दोघांनी मिळून एक गाणं लिहिलं होतं, चालही त्यांचीच. एकमेकांपासून लांब राहणाऱ्या दोघांचं गाणं. सूर दोघांचेही स्वच्छ, लय पक्की. पण गाणं संपलं तेव्हा मनाला काहीच लागलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ऐकल्यावर कारण सापडलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोघं एकत्र गात होते. शब्द म्हणत होते ‘तू नाहीस’, आणि तो ‘तू’ तर शेजारीच उभा राहून तीच ओळ गात होता.

तेव्हापासून विरहाचं ड्युएट बसवायला कुणीही आलं, की मी आधी कागदावर कोणती ओळ कुणाची हे लिहून घेते. गेल्या काही वर्षांत त्याच त्याच चुका समोर आल्या, आणि त्यातल्या बहुतेक गळ्याच्या नव्हत्याच.

एकत्र गाण्याची घाई

ड्युएट म्हणजे सतत दोन आवाज, हा समज आधी काढून टाका. एकटेपणाच्या गाण्यात दोन आवाज जिथे भेटत नाहीत तिथेच भाव असतो. मुखडा, म्हणजे परत परत येणारी सुरुवातीची ओळ, एकाला द्या. पहिला अंतरा, म्हणजे पहिलं कडवं, त्याच आवाजात पुढे जाऊ द्या. दुसरा आवाज इतक्या उशिरा येऊ द्या, की ऐकणाऱ्याला त्याची वाट बघावी लागेल. या जोडप्याच्या गाण्यात आम्ही तिला पूर्ण मुखडा आणि पहिलं कडवं दिलं, आणि तो दुसऱ्या कडव्याला आला. मधे चार मात्रा (तालाचे ठोके) कुणीच गात नाही, वाद्यंही नाहीत, फक्त तानपुरा. दोघं एकत्र आले ते शेवटच्या मुखड्याला, तेही एकदाच. तिथेही त्याने चाल गायली नाही. ती चाल गात असताना त्याने खाली षड्ज (सा) धरून ठेवला.

गाताना आपण एकमेकांना ऐकत नाही असं भासलं पाहिजे, पण प्रत्यक्षात कान समोरच्याच्या श्वासावर हवा. तिच्या ओळीचं शेवटचं अक्षर विरायच्या आत त्याची ओळ सुरू झाली तर तो संवाद वाटतो. ते अक्षर पूर्ण विरल्यावर एक मात्रा थांबून सुरू झाली, तर मधलं अंतर ऐकू येतं. तालमीत हे दोन्ही करून बघा. फरक सांगावा लागणार नाही.

पट्टी: सगळ्यात जास्त गाणी इथेच बिघडतात

पट्टी म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी तिची नावं. ‘ओरिजिनल स्केललाच गाऊ’ असं ठरवून लोक येतात आणि दुसऱ्या अंतऱ्याला एकाचा गळा तरी आवळतो, नाहीतर दुसऱ्याचा आवाज तरी बुडतो. कारण सरळ आहे. पुरुषाचा सोयीचा षड्ज साधारण काळी एक ते काळी दोनला असतो, बाईचा काळी चार-पाचच्या आसपास. दोघांत जवळजवळ एका पंचमाचं, म्हणजे सा ते प एवढं, अंतर. चाल तीच आणि पट्टीही तीच ठेवली, तर काळी एकला तिला एकतर इतकं खाली जावं लागतं की शब्द ऐकू येत नाहीत, नाहीतर एक सप्तक वर जाऊन ओढून गावं लागतं. भांडणाच्या गाण्यात ओढलेला आवाज चालेलही. आठवणीच्या गाण्यात तो सगळं मोडून टाकतो.

गाणं स्वतःचं असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पट्टी बदलणं. त्याचं कडवं काळी एकला, तिचं काळी तीनला. काळी एकचा मध्यम (म) हाच काळी तीनचा षड्ज, म्हणून मधल्या संगीताचा तुकडा त्या मध्यमावर आणून थांबवला की नवी पट्टी आपोआप उभी राहते, धक्का बसत नाही. काळी तीन बाईसाठी थोडी खालची आहे. हळू, जवळून गायच्या गाण्यात ती फार गोड लागते.

दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो. पट्टी एकच, पण चाली वेगळ्या. पांढरी चारला षड्ज धरा. त्याची चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य सप्तकातल्या धैवतापर्यंत (ध) फिरू द्या, तिची मध्य षड्जापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत (ग). दोघंही आपापल्या घरात राहतात. शिवाय एकच गोष्ट दोन माणसं वेगळ्या चालीत सांगतात, तेव्हा ती दोघांची वेगवेगळी वेदना होते.

तयार कराओके ट्रॅकवर गाणार असाल तर हे मार्ग बंद आहेत, तिथे पट्टी वर-खाली करणं एवढंच हातात उरतं. दोन सेमीटोनपर्यंत, म्हणजे पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्या सरकण्याएवढं, सहसा निभावतं. तीनच्या पुढे गेलात की बासरी आणि सारंगी चिरकायला लागतात, ठेका पत्र्यासारखा वाजतो. मग दुसरा ट्रॅक शोधा किंवा दुसरं गाणं निवडा. पट्टी ठरवताना सगळे फक्त वरचा सूर तपासतात, खालचा कुणीच बघत नाही. दोघांच्याही सगळ्यात खालच्या ओळी आधी गाऊन बघा. आणि ही परीक्षा थंडीतल्या सकाळी घेऊ नका. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला गळा जड असतो, खालचे सूर फुकट मिळतात. संध्याकाळी कार्यक्रमात ते नाहीसे होतात.

रडणं म्हणजे विरह नाही

शब्दाशब्दाला उसासा, प्रत्येक ओळीच्या शेवटी कंप, ‘तुझी’ म्हणताना हुंदका. तीन ओळींत ऐकणारा थकतो. जो माणूस खरंच वाट बघतोय तो सावरून बोलत असतो, आवाज फुटू नये म्हणून जपत असतो. ते जपणं आवाजात यायला हवं. एक उपाय करून बघा. सगळं गाणं आधी नुसतं बोलून दाखवा, फोनवर घरच्यांशी बोलावं तसं. ज्या एका शब्दाला आवाज आपोआप बदलेल, तेवढ्याच शब्दावर हळवी जागा घ्या. बाकी सगळं सरळ.

याच भावामुळे सूरही सरकतात. अशी बरीच गाणी शिवरंजनी रागाच्या अंगाने बांधलेली असतात. शिवरंजनी आणि भूप यांत स्वर तेच, सा रे ग प ध. फरक एकट्या गंधाराचा. भूपात तो शुद्ध, शिवरंजनीत कोमल, म्हणजे थोडा उतरलेला. सगळं दुःख त्या एका सुरावर उभं असतं. गाणारा भावनेच्या भरात जोर लावतो, गंधार वर चढतो, आणि गाणं ना इकडचं ना तिकडचं होतं. त्या जोडप्यातल्या ताईंचं नेमकं हेच होत होतं. त्यांच्या गाण्यातल्या ‘पालथा’ या शब्दावर कोमल गंधार होता आणि दर वेळी तो वर जायचा. आम्ही ट्रॅक बंद केला, पेटीवर षड्ज धरला आणि सा-ग॒-रे-सा एवढंच, गंधारावर आठ मात्रा थांबून, हळू आवाजात. आवाज निम्मा केल्याबरोबर सूर जागेवर आला. मग त्याच आवाजात शब्द घातला.

लय मेल्यासारखी ठेवू नका

दुःखाचं गाणं म्हणून लय पाडतात आणि श्वास पुरत नाही. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत आठ मात्रांची ओळ पूर्ण आठ सेकंदांची होते. ७२ ला तीच ओळ पावणेसात सेकंदांच्या आत संपते. एवढ्या सव्वा सेकंदासाठी लोक ओळ मधेच तोडतात, आणि तोडतात ती नेमकी शब्दाच्या पोटात. लय थोडी वाढवा, ठेका हलका ठेवा. गाणं उदास राहतंच.

शब्द

‘तुझ्याविना’, ‘सुने सुने’, ‘रात्र सरेना’. हे शब्द वाईट नाहीत, पण हजार गाण्यांतून वापरून गुळगुळीत झालेत. त्या जोडप्याच्या पहिल्या मसुद्यात चंद्र तीन वेळा होता. मी विचारलं, तो गेल्यावर घरात नेमकं काय होतं? ती म्हणाली, ‘सोमवारी संध्याकाळी मी सवयीने दोन कप काढते.’ त्याला विचारलं तर म्हणाला, ‘गाडी कसाऱ्याच्या घाटात शिरली की फोन तुटतो. तिचं वाक्य नेहमी अर्धं राहतं.’ यातूनच दोन ओळी झाल्या:

दोन कप काढते अजून, एक राहतो पालथा
घाटामध्ये तुटतो आवाज, अर्धा शब्द तुझा

चंद्र गेला, आणि गाणं त्या दोघांचं झालं.

शब्द चालीत बसवताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. ‘विरह’ या शब्दात तिन्ही अक्षरं ऱ्हस्व. ‘वि’वर चार मात्रा ताणल्या की तो ‘वीरह’ होतो आणि मराठी कानाला खुपतो. ‘आठवण’ आपण बोलताना ‘आठ्वण’ म्हणतो. चारही अक्षरं सुटी करून गायली की पाठांतर वाटतं. लांब सूर आ, ए, ओ यांवर द्या. ‘पालथा’ शेवटी ‘थाऽ’वर किती सुंदर थांबतो बघा.

दोन गावांतून रेकॉर्डिंग

जोडीदार लांब असेल तर हे करावंच लागतं, आणि सगळ्यात जास्त वैताग इथेच येतो. व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा प्रयत्न करू नका. आवाज पोहोचायला लागणारा वेळ सतत बदलतो, त्यामुळे दोघंही एकमेकांसाठी थांबत राहतात आणि लय घसरत जाते. एकाच ट्रॅकवर दोघांनी वेगवेगळं गावं आणि नंतर जोडावं.

‘मी तालात गातोय, पण जोडल्यावर मागे पडतं’ ही तक्रार आली की पहिला प्रश्न हेडफोनचा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ७२ च्या लयीत एक मात्रा साधारण ८३३ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ पाव मात्रा मागे. वायरचा साधा हेडफोन लावा. ट्रॅकच्या आधी चार ठोके ठेवा आणि चौथ्या ठोक्याला दोघांनीही एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा. जोडताना टाळीवर टाळी बसवली की काम झालं.

दुसरी तक्रार जास्त गोंधळात पाडते. त्याने ठाण्याहून पाठवलेला आवाज इथे लावला तर सगळा बेसूर, आणि सुस्तही. तो बिचारा म्हणत होता, मी तर बरोबर गायलो होतो. खरंच बरोबर गायला होता. फोनने ४८,००० हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) रेकॉर्ड केलं होतं, आमचं प्रोजेक्ट ४४,१०० वर होतं आणि सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच वाजवली. अशा वेळी आवाज सुमारे दीड सेमीटोन खाली उतरतो आणि चार मिनिटांचं गाणं वीसेक सेकंदांनी लांबतं. आवाज खाली आणि लांबही, अशा दोन्ही खुणा एकदम दिसल्या तर पुन्हा गायला लावू नका. दोघांनी सुरुवातीलाच सॅम्पल रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, एकच ठरवावा, किंवा फाइल नीट रूपांतरित करून घ्यावी.

माइक तोंडाला चिकटवला की आवाजात खालचा घुमारा वाढतो. थोडा असला तर जवळीक वाटते, जास्त झाला की शब्द चिखलात जातात. चार बोटं अंतर ठेवा. ‘पाऊस’, ‘फूल’, ‘भेट’ असे शब्द फटफटत असतील तर तोंड माइकच्या किंचित बाजूला वळवा. पंखा बंद करा, मेमध्येसुद्धा.

एकटेपणा दाखवायला भरमसाठ रिव्हर्ब (घुमणारा आवाज) घालू नका. मोठ्या देवळात गायल्यासारखं वाटतं, रिकाम्या स्वयंपाकघरात नाही. तिचा आवाज आम्ही जवळजवळ कोरडा ठेवला, त्याच्या आवाजाला किंचित खोली दिली. कोण घरी आहे आणि कोण लांब, ते तेवढ्यावर कळलं.

गाणं टाकण्याआधी एक बघा. चाल तुमची नसेल, तर गीत, संगीत आणि कराओके ट्रॅक या प्रत्येकावर वेगळा हक्क असू शकतो. परवानगी आणि श्रेय, दोन्ही आधी निस्तरा.

स्टेजवर

कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या सभागृहात मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज उशिरा कानावर येतो. भिंत वीस मीटरवर असली तरी जाऊन-येऊन शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतात. त्या आवाजामागे गेलात तर लय सुटते. म्हणून पायाशी मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) मागा, आणि त्यात स्वतःपेक्षा जोडीदाराचा आवाज जास्त ठेवायला सांगा. हातात हात घेऊन उभे राहू नका. दोन-तीन पावलं अंतर, नजर प्रेक्षकांत. शेवटच्या मुखड्याला एकदाच एकमेकांकडे बघा.

आणि शेवटचा शब्द संपल्या संपल्या माइकवर ‘थँक्यू’ म्हणू नका. ट्रॅकचा शेवटचा सूर अजून चालू असतो. मनात आठ मात्रा मोजा, माइक खाली घेऊ नका, हलू नका. त्या दोघांनी कार्यक्रमात त्या आठ मात्रा मोजल्या. सातव्या मात्रेपर्यंत टाळी पडली नाही.