लीफला हिवाळी चाकं लावताय? सेन्सर रीसेटची तयारी आधीच करून ठेवा

इकडे कॅनडात ओंटारियोत सकाळचं तापमान सलग सात डिग्रीच्या खाली राहायला लागलं की आमच्या जुन्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीची हिवाळी चाकं (थंडीचे वेगळे टायर चढवलेली) गॅरेजमधून बाहेर निघतात, आणि दरवर्षी कुणीतरी मित्र फोन करतोच की अरे चाकं बदलली आणि आता डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा जातच नाहीये, काय करू. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहितोय, कारण फोनवरच्या ॲपमधून गाडीला नव्या सेन्सरची ओळख करून द्यायचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे, खरं काम त्याच्या आधीचं आहे.

पहिलं म्हणजे दिवा काय सांगतोय ते बघा. गाडी चालू केल्यावर दिवा सरळ पेटून राहिला तर हवा कमी आहे, तिथे रीसेट वगैरे काही नाही, हवा भरा. पण आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग पेटून राहिला तर गाडीला चाकांतले हवेचा दाब मोजून रेडिओने कळवणारे सेन्सरच ऐकू येत नाहीयेत, म्हणजे एकतर नव्या चाकांतले सेन्सर गाडीच्या ओळखीचे नाहीत किंवा एखाद्याची बॅटरी संपली. ही बॅटरी आत सीलबंद असते, साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. लीफ २०१० पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे सेकंडहँड घेतलेल्या गाडीत हे होणारच असं धरून चाला. नवीन सेन्सर ऑनलाइन मागवताना फ्रिक्वेन्सी बघा, इकडच्या गाडीला ३१५ मेगाहर्ट्झ लागतो आणि युरोपातला ४३३ चा असतो, तो स्वस्त दिसला तरी घेऊ नका, गाडीला तो ऐकूच येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक विसरतात. प्रत्येक सेन्सरवर त्याचा आयडी छापलेला असतो आणि एकदा टायर रिमवर चढला की तो आत गेला. टायर बसवायला द्याल तेव्हा तिथे उभं राहून चारही सेन्सरचे फोटो काढा आणि कुठला आयडी कुठल्या चाकात गेला ते लिहून घ्या. मी पहिल्या वर्षी दुकानदारावर सोडलं, तो म्हणाला लिहून देतो, दिलं नाही, आणि नंतर चारही आयडी शोधताना माझा अख्खा रविवार गेला.

मग फोनची तयारी. लीफस्पाय प्रो हे लीफसाठीचं ॲप लागेल, साधं लाइट व्हर्जन यासाठी चालत नाही. सोबत ओबीडी डाँगल, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचं, फोनशी जोडणारं छोटं यंत्र, आणि इथे दोन-चार डॉलर वाचवू नका, अगदी स्वस्त नकली डाँगल कनेक्ट झाल्यासारखे दिसतात पण मध्येच डेटा सोडतात, आणि गाडीत काही लिहायचं असताना तसं व्हायला नको. आयफोन असेल तर डाँगल त्याला चालणारा आहे ना ते घेतानाच बघा, अँड्रॉइडवाले बरेच डाँगल आयफोनला जोडलेच जात नाहीत. घरीच एकदा जोडून बॅटरीचे आकडे दिसतात का ते तपासा, आणि गाडीत आत्ता असलेल्या जुन्या आयडींचा स्क्रीनशॉट घ्या, एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं परत लावताना तेच लागणार आहेत.

हवा मोजायची ती गाडी तीन तास तरी उभी असताना, गार टायरवर. लीफच्या दाराच्या चौकटीवर ३६ पीएसआय लिहिलंय. पण गॅरेजमध्ये वीस डिग्रीत ३६ भरली आणि बाहेर उणे दहा असेल तर टायर गार झाल्यावर पाचेक पीएसआय कमी दाखवेल, कारण साधारण साडेपाच डिग्रीला एक पीएसआय उतरते. म्हणून बाहेरच्या थंडीतच भरा. लीफ दीड टनाची गाडी आहे, त्यात थंडीत रेंज आधीच कमी झालेली, हवा कमी असेल तर अजून घटते.

ॲपमधून चारही नवे आयडी गाडीत टाकून झाले की लगेच बघून निराश होऊ नका, उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, ताशी चाळीस किलोमीटरच्या वर दहाएक मिनिटं चालवा मग आकडे यायला लागतात. कुठलं चाक कुठे दिसतंय ही खात्री करायला मी चारही टायरमध्ये मुद्दाम वेगवेगळी हवा ठेवतो, ३८, ३६, ३४, ३२, ॲपवर आकडा चुकीच्या कोपऱ्यात दिसला की लगेच कळतं, मग ॲपमध्ये आयडींची जागा अदलाबदल करून सगळ्यांत ३६ करायची. यासाठी छोटा पंप आणि गेज सोबत ठेवाच.

काम झालं की डाँगल काढून घ्या. तो लावून ठेवला तर बारा व्होल्टची छोटी बॅटरी हळूहळू उतरवतो, आणि ती बसली की मोठी बॅटरी फुल्ल असूनही गाडी सुरू होत नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट टॉर्क रेंचने परत एकदा बघा. आणि उतरवलेल्या उन्हाळी चाकांवर आत्ताच खडूने पुढचं डावं, मागचं उजवं असं लिहून त्याच्याखाली आयडी लिहा, मगच रचून ठेवा.