ऑलिंपिकच्या आदल्या हिवाळ्यात जा

हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वयंसेवक व्हायचं मनात असेल, तर ऑलिंपिकपर्यंत थांबू नका. आदल्या हिवाळ्यात त्याच मैदानांवर चाचणी स्पर्धा होतात, त्यांना जा. सोलमध्ये शिकत असताना मी २०१६-१७ चा हिवाळा कोरियाच्या गांगवॉन प्रांतात, २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या मैदानांवर, असाच घालवला, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

चाचणी म्हटलं तरी खेळाडू खरेच असतात. चोंगसॉनच्या उतारावर मार्च २०१७ मध्ये महिलांचा स्की विश्वचषक झाला. इटलीच्या सोफिया गोज्जानं अमेरिकेच्या नामांकित लिंडसे व्हॉनला मागे टाकत डाउनहिल आणि सुपर-जी या उतारावरच्या दोन्ही वेगवान शर्यती जिंकल्या, आणि पुढच्या वर्षी तिथंच डाउनहिलचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. जवळच्या कांगनुंग शहरात फिगर स्केटिंगची ‘फोर कॉन्टिनेंट्स’ ही अजिंक्यपद स्पर्धा झाली, पुरुषांत अमेरिकेचा नेथन चेन जिंकला. प्रेक्षक इतके कमी की बर्फावर पात्यांची करकर ऐकू यायची.

खरी कसोटी संयोजकांची असते. एकट्या कांगनुंग आइस अरीनाचंच बघा. तिथं फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या वर्तुळातली वेगवान स्केटिंग शर्यत, एकाच रिंकवर. फिगरवाल्यांना उडी मारून उतरायला जरा मऊ बर्फ लागतो, साधारण उणे तीन-चार अंशांचा. शॉर्ट ट्रॅकला कडक हवा, उणे सातच्या आसपास. ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी दोन्ही खेळ ठेवायचे, तर मधल्या काही तासांत बर्फ बदलायला जमलं पाहिजे. ही रंगीत तालीम मी जवळून बघितली. ऑलिंपिकमध्ये नवख्या स्वयंसेवकाला त्या भागात कुणी फिरकू दिलं नसतं. आदल्या वर्षी माणसं कमी, त्यामुळे एकाला तीन कामं मिळतात आणि प्रश्न विचारले तर उत्तरंही मिळतात.

स्की येत नसेल तर उतारावरचं काम मागू नका, मिळणार नाही. वाहतूक, पत्रकार कक्ष, उत्तेजक चाचणी ही दारं आपल्यासाठी उघडी असतात. मी उत्तेजक चाचणी विभागात शॅपरोन, म्हणजे खेळाडूसोबत राहणारा माणूस, होतो. खेळाडूला सूचना दिल्यापासून तो लघवीचा नमुना देईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. तो बक्षीस घेऊ शकतो, मुलाखत देऊ शकतो, पण आपण सोबत. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. थंडीत घाम गाळून आलेल्या माणसाला तेवढं होईपर्यंत दोन दोन तास बसावं लागतं. अशा वेळी गप्पा मारू नयेत असं माझं मत. हरलेला खेळाडू असेल तर मुळीच नाही.

थंडीबद्दल. तिथली थंडी कोरडी, आणि आकड्यापेक्षा वारा जास्त छळतो. याच वाऱ्यानं २०१८ मध्ये पुरुषांची डाउनहिल ११ फेब्रुवारीवरून १५ वर ढकलली. आत सुती बनियन घालू नका, घाम सुकत नाही आणि अंग गार पडतं. बाहेर नोंदी करायच्या असतील तर पेन्सिल न्या, बॉलपेन रुसतं. फोन आतल्या खिशात, हॉटपॅकजवळ.

तेव्हा कांगनुंगची केटीएक्स ही वेगवान रेल्वे सुरू झालेली नव्हती, ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. पूर्व सोलच्या बसस्थानकावरून ह्वेंगग्ये या प्योंगचांगमधल्या गावाला जायला अडीच तास, बर्फ पडला तर जास्त. चाचणी वर्षात सोयी अर्ध्याच झालेल्या असतात हे धरूनच निघा. ह्वेंगग्येच्या आसपास माळावर लाकडी मांडवांवर मासे वाळत असतात, रात्री गोठायचे, दिवसा सैल व्हायचे. त्याचं सूप तिथं सकाळी सकाळी मिळतं. शाकाहारी असाल तर बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मागा आणि ‘कोगी पे जुसेयो’, म्हणजे मांस वगळा, असं सांगा. अंडं वेगळं सांगावं लागतं. किमचीत बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो.

कोरियात विद्यार्थी व्हिसावर पगारी काम करायचं असेल तर आधी परवानगी लागते. विनापगारी स्वयंसेवा असली तरी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. अर्ज शोधताना फक्त ऑलिंपिक समितीकडे बघू नका, अशा स्पर्धांत त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचाही मोठा वाटा असतो.

पुढचं हिवाळी ऑलिंपिक २०३० मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये आहे. तिकडे शिकायला जाणार असाल तर आत्तापासून बोलण्यापुरतं फ्रेंच करा, कारण बसचा ड्रायव्हर आणि बर्फ उपसणारा कामगार तुमच्याशी इंग्रजीत बोलेलच असं नाही, आणि दिवसभर संबंध त्यांच्याशीच येतो.