जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचे प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केस कसे उतरवावे

जुन्या पिकअपखाली शिरून नट सोडवणे हे या कामातले सोपे अंग आहे. उतरवलेला शाफ्ट पुन्हा त्याच बाजूने, त्याच दातांवर बसवणे अवघड. तिथे चूक झाली की गाडी वेग घेताच थरथरायला लागते आणि माणूस चाकांच्या बॅलन्सिंगपासून इंजिनच्या माउंटपर्यंत सगळीकडे दोष शोधत बसतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी खुणा करायला मी भरपूर वेळ देतो. तुम्हीही द्या.

मांडणी थोडक्यात अशी असते: गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) आणि दुसरा पुढच्या डिफरन्शियलकडे. शाफ्टच्या टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे चार हातांचे सांधे असतात आणि लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून सरकता दातेरी सांधा असतो.

आदल्या दिवशी

सगळ्या नट-बोल्टांवर गंज सैल करणारे तेल मारून रात्रभर मुरू द्या. गाडी कडक रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालली असेल, तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठलेला असतो. तो तसाच ठेवून बोल्ट सोडवणे धोक्याचे आहे, कारण शेवटचा बोल्ट निघताना शाफ्ट झटका देतो. टू-व्हीलमध्ये टाकून गाडी काही मीटर मागे-पुढे घ्या, पीळ निघून जातो.

ट्रान्सफर केसचा तेल भरण्याचा बूच सुटतो का, तेही आजच पाहा. निचऱ्याच्या बुचाला हात लावण्याआधी हे करायचे. खालून तेल काढून टाकले आणि वरचा बूच गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकली.

गाडी अडवणे

मागचा शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. लँड रोव्हरच्या जुन्या सिरीज गाड्या आणि डिफेंडर यांच्यात तर हँडब्रेकचा ड्रमही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. इतकेच काय, शाफ्ट जागेवर असताना मागचे एकच चाक उचलले, तरी डिफरन्शियलमुळे अशी गाडी सरकू शकते.

म्हणून जमीन सपाट हवी. मागची बाजू उचलायची असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि गाडीचे वजन स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

शाफ्ट

फ्लँज (बोल्ट बसणारी चपटी तबकडी) आणि शाफ्टचा योक (क्रॉस धरणारा दुहाती काटा) यांवर आरपार जाणारी खूण करा. दोन्ही टोकांना वेगवेगळी, म्हणजे एका टोकाला एक टिंब, दुसऱ्याला दोन. सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवरही खूण हवीच, कारण तो एका दातानेही सरकून बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. खडूवर विसंबू नका. माझ्या खडूच्या खुणा एकदा भाग डिझेलने धुताना पुसून गेल्या आणि शाफ्ट तीनदा काढून बसवावा लागला. तेव्हापासून मी पंचनेच टिंब मारतो.

बोल्ट फिरवताना शाफ्टही फिरतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढच्या शाफ्टसाठी फोर-व्हीलही लावा. एकानंतरचा दुसरा बोल्ट समोर आणायला चाके उचललेली असताना ट्रान्सफर केस न्यूट्रल करून शाफ्ट हाताने फिरवा, मग पुन्हा गिअर टाका. गोटी पाना पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नका. टोयोटाच्या जुन्या हायलक्सला बहुतेक १४ मिलिमीटरचा पाना लागतो. अमेरिकी गाड्यांत इंचाचे आणि मिलिमीटरचे पाने एकाच गाडीत लागू शकतात, तेव्हा ‘जवळपास बसतो’ असा पाना वापरून डोकी गोल करू नका.

डिफरन्शियलकडचे टोक आधी सोडवा. योकमध्ये क्रॉस नुसत्या पट्ट्यांनी धरलेला असेल, तर पट्ट्या निघताच क्रॉसच्या वाट्यांभोवती चिकटपट्टी गुंडाळा. वाटी निसटली की आतल्या सुईसारख्या बारीक रोलर्स मातीत विखुरतात. सुटलेले टोक लोंबकळू देऊ नका, तारेने चासीला बांधा. वजनाने दुसऱ्या टोकाचा क्रॉस खराब होऊ शकतो.

शाफ्ट थेट केसमध्ये सरकून बसणारा असेल, तर तो बाहेर ओढताच तेल येणार. खाली तसराळे ठेवा.

ट्रान्सफर केस

इथे वजनाचा प्रश्न आहे. न्यू प्रोसेस कंपनीची बीडाची ट्रान्सफर केस, एनपी २०५, साठ किलोंच्या वर भरते. त्याच कंपनीची ॲल्युमिनियमची, साखळीवर चालणारी एनपी २३१ बरीच हलकी आहे, तरी छातीवर झेलण्याजोगी नक्कीच नाही. गिअरबॉक्सचा जॅक आणि त्याला बांधायला मजबूत पट्टा, दोन्ही हवेत.

तेल काढा. स्पीडोमीटरची केबल, फोर-व्हीलच्या दिव्याची वायर, श्वासनळी (केसमधली हवा बाहेर सोडणारी नळी), गिअर बदलण्याची जोडणी सोडवा आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. आधी फोटो काढून ठेवलेले बरे.

क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा चासीचा आडवा दांडा) काढायचा असेल तर गिअरबॉक्सला स्वतंत्र आधार दिल्याशिवाय त्याचा एकही बोल्ट सोडवू नका. गिअरबॉक्स खाली झुकला की इंजिनही मागे कलते आणि पंखा रेडिएटरच्या कवचाला घासतो.

गिअरबॉक्स आणि केस यांच्या जोडावरचे नट काढताना शेवटचे दोन, समोरासमोरचे, सैल करून ठेवा. जॅकची उंची अशी लावा की केसचे वजन पूर्ण जॅकवर येईल, मग ते दोन काढा आणि केस सरळ मागे ओढा. अडली तर रबरी हातोडीने हलके ठोका. जोडात छिन्नी घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमच्या तोंडावर पडलेली चीर पुढे तेल गाळत राहते. केस तिरकी लटकली तर तिचे वजन शाफ्टच्या दातांवर आणि ऑइल सीलवर येते.

क्लच किंवा ब्रेकपर्यंत हात गेलाच, तर तिथली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या कापडाने पुसा.

गिअरबॉक्सचे उघडे तोंड प्लास्टिकने बांधा, शाफ्ट आडवा ठेवा आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डब्यात टाकून त्यावर जागेचे नाव लिहा.